सात मीटरवरचा उजेड

बंदूक मी आयुष्यात एकदाच हातात घेतली, तीही जत्रेत फुगे फोडायची. पाच छऱ्यांत एक फुगा फुटला, आणि तोही मी नेम धरला होता त्याच्या शेजारचा. तरीही सिंगापूरमधली माझी आठ वर्षं बंदुकांच्या संगतीत गेली. बंदुकीच्या नळीखाली एक छोटा लाइट बसवतात. समोर कोण आहे, त्याच्या हातात काय आहे, हे अंधारात नीट दिसल्याशिवाय गोळी सुटू नये म्हणून. आमची कंपनी असे लाइट मागवायची, तपासायची आणि सशस्त्र पहारेकरी पुरवणाऱ्या कंपन्यांना विकायची. कुठल्या कामाला कुठला लाइट हे ठरवणारा इंजिनिअर मी.

पुण्यात आईला मी सांगितलं होतं, "लायटिंगमध्ये आहे." तिने सगळ्या नातेवाइकांत पसरवलं की मी मोठमोठ्या हॉटेलांची रोषणाई करतो. मावशीने तर मुलीच्या लग्नात मांडवाच्या माळांबद्दल माझा सल्ला मागितला. मी दिलाही. खरं सांगून तिला घाबरवण्यापेक्षा ते सोपं होतं. सोपं असेल ते करायचं, ही माझी सवय तेव्हापासूनची.

बंदुकीवरचा लाइट निवडायचा म्हणजे आधी अंतर ठरवायचं. काही लाइटचा झोत अरुंद असतो. तो लांब जातो, पंचवीस-तीस मीटरवरचा अख्खा माणूस उजळून काढतो. पण तोच झोत सात मीटरवर जेमतेम छातीएवढा गोल पाडतो. गोलाच्या आत डोळे दिपतील असा उजेड आणि बाहेर काळोख. दुसऱ्या प्रकारचा झोत पसरट. तो लांबवर फिका पडतो, पण खोलीत किंवा पॅसेजमध्ये समोरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दाखवतो. हे आता मी किती सहज लिहितोय. दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराला हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक नव्हतंच.

तेव्हा आमच्याकडे एका पहारा कंपनीचं मोठं काम आलं. त्यांचे लोक गोदामांच्या विस्तीर्ण आवारातही उभे राहत आणि इमारतींच्या आतल्या अरुंद पॅसेजमध्येही. त्यांना सगळ्यांसाठी एकच लाइट हवा होता. एक बॅटरी, एक चार्जर, एकच प्रशिक्षण. त्यांचा प्रशिक्षक सैन्यातून निवृत्त झालेला मलाय वॉरंट ऑफिसर होता. अशा माणसाला इथे सगळे एन्सिक म्हणतात, मीही तेच म्हणायचो. साठीचा, ताठ, आणि बोलण्यात तिखट. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीतलं, इथल्या पद्धतीचं, वाक्याच्या शेवटी 'लाह' लावलेलं.

पहिल्याच भेटीत त्याने मला विचारलं, "इंजिनिअर, अंधारात माणूस दिसला तर आधी काय बघणार?"

"चेहरा," मी म्हणालो.

"चेहरा कशाला? लग्न जमवायचंय का त्याचं? हात बघायचे, लाह. मारतो तो हाताने, चेहऱ्याने नाही."

सगळे हसले, मीही हसलो. आणि ऑफिसला जाऊन मला जे करता येत होतं तेच केलं, म्हणजे मोजमाप. आमच्या मजल्यावर एक लांब पॅसेज होता. त्याचे पडदे ओढले, लाइट तिपाईवर बसवला, समोर पांढरा पडदा टांगला, जमिनीवर चिकटपट्टीने पाच, सात, पंधरा, पंचवीस मीटरच्या खुणा केल्या आणि पडद्याच्या बरोबर मधोमध प्रकाश मोजला. मधोमध. आता हा शब्द लिहितानाही कान गरम होतात. झोताच्या मध्यावर मोजायचं म्हटल्यावर अरुंद झोत प्रत्येक अंतरावर जिंकणारच. कडेला, जिथे माणसाचे हात असतात, तिथे मी यंत्र धरलंच नाही.

का नाही धरलं? मी मार्कांवर वाढलेला माणूस. दहावीला किती, बारावीला किती, सीईटीला किती, एवढ्यावर आमच्या घरात माणसाची किंमत व्हायची. शेजारच्या मुलाला माझ्यापेक्षा दोन टक्के जास्त पडले म्हणून आठवडाभर मला दोन्ही वेळा दोडक्याची भाजी मिळाली होती. चार रकाने, चार आकडे, त्यांतला सर्वांत मोठा आकडा तो हुशार, हे माझ्या हाडात भिनलेलं. तक्त्यात अरुंद झोताच्या लाइटला चारही अंतरांवर पहिला नंबर होता. मी खाली लिहिलं, "सर्व अंतरांसाठी योग्य."

बैठकीत एन्सिक म्हणाला, "दोन लाइट घ्या. आवारासाठी हा, आतल्या लोकांसाठी पसरट." मी तक्ता पडद्यावर लावला आणि लेसरने सात मीटरची ओळ दाखवली. "एन्सिक, तुमचा पसरट लाइट सात मीटरवर याच्या निम्मासुद्धा नाही." पहारा कंपनीच्या मोठ्या साहेबांनी मान डोलावली. एन्सिकने एकदा माझ्याकडे बघितलं आणि कॉफीचा कप उचलला. मी जिंकलो होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या.

लाइट आले, बसवले गेले, आणि दोन महिन्यांनी पहारेकऱ्यांची परीक्षा होती. पुरवठादाराचा माणूस म्हणून मीही हजर. बंदिस्त रेंज, बाहेर लख्ख सकाळ, आणि आतले सगळे दिवे घालवलेले. मला बंदुकीला हात लावायची परवानगी नव्हती. पिवळ्या रेघेमागे, काचेआड उभं राहायचं. परीक्षा साधी होती. सात मीटरवर कागदावर छापलेली माणसाएवढी चित्रं एकेक करून समोर वळत. कुणाच्या हातात पिस्तूल, कुणाच्या हातात फोन किंवा पाकीट. पिस्तूल असेल तरच गोळी झाडायची.

त्यात एक मुलगी होती. मुलगी म्हणजे पंचवीस-सव्वीसची, मलेशियातल्या जोहोरची तमिळ. रोज पहाटे पूल ओलांडून सिंगापुरात वुडलँड्सला यायची आणि संध्याकाळी परत जायची. चहाच्या वेळी तिने स्वतःहून येऊन मला विचारलं होतं, "सर, लाइट तुम्ही केला?" मी ऐटीत म्हणालो, "मी निवडला." ती म्हणाली, "खूप ब्राइट आहे, सर. माझ्या आईला दाखवला असता तर म्हणाली असती, देव आला." तिचा हा दुसरा प्रयत्न होता. आधीच्या वेळी तिचा नेम चुकला होता, जुन्या लाइटवर. दुसऱ्यांदा नापास झालं की नोकरी संपते, आणि नोकरी संपली की इथे काम करायचा परवाना, म्हणजे पासही संपतो. हे तिनेच हसत सांगितलं. घरी आई आणि कॉलेजात शिकणारा भाऊ तिच्यावर आहेत हेही सांगितलं. लोक परीक्षेआधी घाबरून बडबडतात तशी ती बडबडत होती.

तिची पाळी आली. पहिल्या तीन चित्रांतले हात छातीशी होते, ती तिने बरोबर ओळखली. चौथं वळलं, तिने लाइट लावला, झोत छातीवर स्थिर धरला, शिकवला होता तसाच, आणि दोन गोळ्या झाडल्या. आतले दिवे लागले. चित्रातल्या माणसाने उजवा हात मांडीशी सोडलेला होता आणि त्या हातात फोन होता.

तिने बंदूक खाली ठेवली, हात वर केला आणि एवढंच म्हणाली, "सर, हात दिसला नाही."

"बाकीच्यांना दिसला," परीक्षकांपैकी कोणीतरी म्हणालं. ते खरंही होतं. बाकीचे पास झाले होते. पण ती जुनी खोडं होती. लाइट लावल्या लावल्या त्यांनी बंदूक जराशी खाली-वर हलवून सगळा माणूस चाचपला होता. हिने नियम पाळला.

दुपारी जेवायच्या सुटीत एन्सिकने मला रेंजमध्ये बोलावलं. बंदूक नव्हती, नुसता लाइट होता. त्याने तो माझ्या हातात दिला, मला सात मीटरच्या रेघेवर उभं केलं आणि दिवे घालवले. मी झोत चित्राच्या छातीवर धरला. पांढऱ्या कागदावरून उसळलेला उजेड सरळ माझ्याच डोळ्यांत आला. शर्टाची बटणं मोजता आली असती. खांदे अर्धे दिसले. त्याखाली काहीच नाही. मी डोळे ताणले, मान पुढे केली. मांडीशी हात आहे हे मला माहीत होतं, तरी दिसला नाही. मग एन्सिकने त्याच्या खिशातला पसरट लाइट लावला. उजेड निम्मा होता आणि माणूस अख्खा दिसत होता, हातातल्या फोनसकट.

अंधारातच तो म्हणाला, "तुमच्याकडून लाइटचा रिपोर्ट मागतील, त्यात जे बघितलंस ते लिही. मी तिचा प्रशिक्षक, मी लिहिलं तर म्हणतील पोरीला वाचवतोय. तू लिहिलंस तर ऐकतील. जमेल ना, कॅन?"

"कॅन," मी म्हणालो.

मी ते मनापासून म्हणालो होतो. यिशुनला घरी पोचेपर्यंत एमआरटीच्या गाडीत मी मनातल्या मनात वाक्यंही जुळवली. पण घरी बायकोने दार उघडलं ते मुलीच्या शाळेचा विषय काढूनच. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा अर्ज सहा महिने पडून होता. तो झाला असता तर मुलीला जवळच्या शाळेत जागा मिळण्याची आशा होती, नाहीतर परदेशी मुलांच्या शेवटच्या रांगेत. माझ्या पासचं नूतनीकरणही तोंडावर आलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "अरे, मग लिही ना खरं. त्यात काय?"

"आमचा साहेब विचारेल, आधी 'सर्व अंतरांसाठी योग्य' कोणी लिहिलं होतं."

तिने टेबलावरचे शाळेचे कागद गोळा केले. आणि म्हणाली, "मग तू बघ बाबा. तुला ऑफिसातलं जास्त कळतं." आमच्या घरात हे वाक्य म्हणजे परवानगी असते. मी तिच्यावर ढकलत नाही. ती खरं लिही म्हणाली होती, हे मी आजही मान्य करतो.

दुसऱ्या दिवशी साहेबाने धमकी वगैरे काही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, आज सांगायला काहीतरी असतं. तो फक्त म्हणाला, "रिपोर्ट आज पाठव. बाकीचे सगळे पास झालेत ना?" मी हो म्हणालो आणि खुर्चीत बसलो. एक वाक्य लिहायला मला दोन तास लागले. "लाइटची तपासणी केली असता त्यात कोणताही दोष आढळला नाही, लक्ष्य ओळखण्यातील चूक वापरणाऱ्याची आहे." वाक्याचा पहिला अर्धा भाग खराच होता. लाइट बिघडलेला नव्हताच. चुकीच्या अंतरासाठी निवडलेला होता, आणि ते मला कुणी विचारलं नव्हतं. या पळवाटेचा तेव्हा मला केवढा आधार वाटला! पण दुसरा अर्धा भाग शुद्ध खोटा होता, आणि तो लिहिताना मला सात मीटरच्या रेघेवरचा तो काळोख डोळ्यांपुढे दिसत होता.

आठवड्याने एन्सिकचा फोन आला. "तिला काढलं," तो म्हणाला. "तुझं इंग्रजी चांगलं आहे, इंजिनिअर," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मला त्याचा राग आला होता. आपली चूक ज्याला ठाऊक असते त्याचा राग येतोच, आणि मी तो चांगला वर्षभर पोसला.

त्या वर्षात मी आणखी एक गोष्ट केली. पुढच्या मागणीच्या वेळी निवडीचा तक्ता गुपचूप बदलला. पॅसेजमधल्या त्याच खुणांवर पुन्हा सगळं मोजलं, पण आता पडद्यावर माणूस काढला आणि मध्यावर, खांद्यावर, हातांवर, मांडीशी असं यंत्र धरत गेलो. दहा मीटरच्या आत पसरट झोत, त्यापुढे अरुंद. दोन लाइट, एन्सिक म्हणाला होता तसेच. तक्ता इतका चांगला झाला की साहेबाने तो सगळ्या शाखांना पाठवला आणि वर्षअखेरीच्या कार्यक्रमात माझ्या नावाने टाळ्या झाल्या. "आपण सतत शिकत असतो," असं मी माइकवर बोललो. कुठून शिकलो ते कोणी विचारलं नाही. त्याच सुमारास पीआरही झाला. मुलीला शाळा मिळाली. बायकोने शिरा केला. तो मी दोनदा मागून घेतला, गोडच लागला. पाप केल्यावर घास घशाखाली उतरत नाही असं लोक म्हणतात, माझ्या तरी व्यवस्थित उतरत होता. मला आज लाज वाटते ती त्याचीसुद्धा.

त्या पोरीचा पत्ता शोधणं अवघड नव्हतं. एन्सिकला विचारलं असतं तर मिळाला असता. जुन्या रिपोर्टला एक पत्र जोडता आलं असतं. पास हातात आला की लिहू, मग पीआर झाला की लिहू, मग मुलीची शाळा रुळली की लिहू. प्रत्येक वेळी कारण मिळत गेलं, आणि सगळी कारणं संपली तेव्हा मी म्हटलं, आता फार उशीर झाला.

मग परीक्षेनंतर तीनेक वर्षांनी एका शनिवारी सकाळी आम्ही तिघं जोहोरला निघालो होतो. वुडलँड्सला बसच्या रांगेत उभे होतो. मुलगी कुरकुर करत होती, "बाबा, सो लाँग क्यू, नेक्स्ट वीक गो लाह." मी तिला दटावत होतो तेवढ्यात समोरच्या रांगेतून हाक आली.

"सर! लाइटवाले सर!"

मी ओळखलं नाही. खरंच ओळखलं नाही, कारण तिने चष्मा लावला होता. काळ्या काड्यांचा, चेहऱ्याला जरा मोठाच. मग तिचं हसू ओळखीचं वाटलं. ती रांग सोडून आमच्याकडे आली. रात्रपाळी संपवून घरी निघाली होती. आता वुडलँड्समधल्याच एका कारखान्यात खोकी बांधते म्हणाली. मधे आठ-नऊ महिने काहीच नव्हतं, भावाने कॉलेज सोडलं, तो तिकडेच कामाला लागला. हे सगळं ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण हालहवाल सांगतो तसं सांगत होती. बायकोला नमस्कार केला, मुलीच्या गालाला हात लावला.

"चष्मा लागला का?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"हो ना, सर. तो दुकानवाला म्हणत होता, नंबर अगदीच थोडा आहे, नाही लावला तरी चालेल. मी म्हटलं, नाही, द्याच. मला समोरचा हात दिसला नव्हता, माझ्या डोळ्यांतच काहीतरी आहे." ती चष्मा बोटाने वर सरकवत हसली. "पुढच्या वर्षी परत अर्ज करणार आहे. आता दिसेल."

बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं ही कोण ते. ती मुलीचा हात धरून दोन पावलं बाजूला झाली. मला बोलता यावं म्हणूनच बाजूला झाली. समोर ती, मागे रांग, आणि मला बोलायला चांगला मिनिटभर वेळ होता. दोनच वाक्यं होती. डोळे तुझे ठीक आहेत, लाइट मी चुकीचा निवडला होता. इतकी वर्षं तोंडपाठ होती ती.

"एन्सिक म्हणत होते, तुझी चूक नाही, लाइटची आहे," ती म्हणाली. "मीही तसंच धरून बसले असते. पण कामावरून काढल्याच्या पत्रात तुमचा रिपोर्ट होता ना, सर. इंजिनिअरने तपासलंय म्हटल्यावर मला पटलं. बरं झालं, नाहीतर मी आयुष्यभर लाइटलाच दोष देत बसले असते. थँक यू, सर."

तिची बस लागली होती. ती माझ्याकडे बघत थांबली होती, मी काही बोलेन म्हणून.

मी म्हणालो, "चष्मा छान दिसतो तुला."